'सगळं ठीक आहे' सांगणारा फोन

अकराशे गावरान अंडी. एकविसावा दिवस.

सेवालालच्या हरभऱ्यात पाणी. कोणी सोडलं, माहीत नाही.

फोन पहिल्याच रिंगेला उचलला जातो. पलीकडून कोणी बोलत नाही.

सदतीस पूर्णांक पाच. सदतीस पूर्णांक दोन. छत्तीस पूर्णांक नऊ!

बिस्मिल्ला चाचीच्या हातात तसबी. मणी पुढे सरकत नाहीत. नुसती घट्ट धरलेली.

आणि या सगळ्याच्या तासभर आधी उजैर छाती काढून म्हणाला होता, "चाची, आता अंड्याले शिंक आली तरी मले कळंन!"

उजैर आसेगावचाच. चार वर्षं पुण्याच्या एका कंपनीत होता, आता तेच काम गावात बसून करतो. काम काय, तर लोकांच्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणं. मुळात माणूस भित्रा. लहानपणी रात्रीतून तीनदा उठून दाराची कडी बघायचा. पुण्यात त्याला याच गोष्टीचा पगार मिळू लागला, एवढाच फरक.

बिस्मिल्ला चाची त्याची सख्खी काकू. तिने गावाबाहेर, सेवालाल राठोडच्या शेताला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये अंडी उबवायचं मशीन टाकलं. पहिलीच खेप. तांड्यातल्या बायांनी घरोघरची अंडी आणून दिली. कोणाची वीस, कोणाची ऐंशी, प्रत्येकीच्या ट्रेला वेगळ्या रंगाची चिंधी. पिल्लं जिची तिला परत. सेवालालची बायको गोमतीबाई हिची चाळीस होती, लाल चिंधीची. ट्रे हातात देताना ती म्हणाली होती, "बिस्मिल्लाबी, माही कोंबडी फुकटात बसली असती. तुमच्या डब्यावर भरोसा ठेवून राह्यली मी."

तेव्हापासून चाचीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तांड्यातल्या तेवीस बायांना काय तोंड दाखवायचं? म्हणून पिल्लं निघायचा दिवस जवळ आला तशी तिने पुतण्याला बोलावलं. ती म्हणाली, "फक्त गरमी कमी झाली तर मले सांगजो."

यासाठी दुसऱ्या कोणी दहा रुपयांची घंटी लावली असती. उजैरने क्लस्टर उभा केला! तीन छोटे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. त्यांच्यात सात कंटेनर, म्हणजे सात बंद डबे, प्रत्येकात एकेक प्रोग्रॅम. एक तापमान मोजणार, एक हीटर सांभाळणार, एक ट्रे हलवणार, एक दाराकडे बघणार. बाकीचे तीन या चौघांवर लक्ष ठेवणार. एका कोंबडीचं काम सात जणांना वाटून दिलं आणि वर सगळं क्लाउडला जोडलं. सातही डबे काय काय करतात त्याची मिनिटामिनिटाची नोंद तिकडे जाऊन पडायची. त्या नोंदवहीला लॉग म्हणतात.

"आन् बिघाड झाला तं?" चाचीने विचारलं.

"आपोआप फोन! गरमी उतरली की 'धोका' म्हणून फोन. सुधरली की 'सगळं ठीक आहे' म्हणून फोन. तुमाले जिवाले घोर नको! द्या नंबर."

चाचीने मोबाईल त्याच्या हातात दिला. उजैरने यादी चाळली. एक नाव दिसलं: 'सेवालाल शेत'. वा! शेत शेडला लागून, म्हणजे धावत येणारा सगळ्यात जवळचा माणूस. तो नंबर त्याने सगळ्यात वर टाकला. मग चाचीचा, मग स्वतःचा. आदल्या संध्याकाळी चाचणीचा फोन लावला, तर 'सेवालाल शेत'ने पहिल्याच रिंगेला उचलला! एक शब्द बोलला नाही, नुसतं ऐकून घेतलं. उजैर भारावून गेला. पुण्याच्या कंपनीतही एवढा तत्पर माणूस त्याने पाहिला नव्हता.

सकाळी नऊला सगळं सुरू झालं. पडद्यावर हिरवी रेघ, सदतीस पूर्णांक पाचवर, कॅनॉलच्या पाण्यासारखी संथ. उजैरने चहाचा कप उचलला.

तेवढ्यात चाचीने मशीनचं दार उघडलं.

"चाची! काय करून राह्यल्या?"

"अरे, आतून आवाज आला..."

"बंद करा! बंद! गरमी चालली बाहेर!"

चाचीने धाडकन दार लावलं. पण जानेवारीची थंडी तेवढ्यात आत शिरली होती. रेघ वाकली, लाल झाली. क्लस्टरने इमानदारीत पहिला फोन 'सेवालाल शेत'ला लावला. उचलला. मग चाचीचा मोबाईल वाजला आणि आतून यंत्राची बाई बोलली, "धोका आहे. तापमान कमी आहे."

"मले माहीत हाय बाई," चाची तिला म्हणाली.

दार बंद झालं होतं. रेघ वर यायला हवी होती. ती आणखी खाली गेली! कोपऱ्यातला स्टॅबिलायझर 'टक्' वाजला आणि हीटरचे लाल दिवे विझले. व्होल्टेज एकदम पडलं होतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, म्हणून ते मात्र ठणठणीत. अंडी गार होत असल्याची अगदी स्वच्छ नोंद ते करत राहिले.

पाच मिनिटांनी दुसरा फोन गेला, धोक्याचाच. आणि काय चमत्कार! स्टॅबिलायझर पुन्हा 'टक्', हीटर चालू, रेघ वर. उजैरने सुटकेचा श्वास सोडला. क्लस्टरने आनंदाने सगळ्यांना फोन केला, "सगळं ठीक आहे."

टक्. हीटर बंद.

"या अल्ला," चाची म्हणाली. तसबी हातात आली ती तेव्हा.

त्यानंतर जे झालं ते उजैरने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. 'धोका आहे' म्हटलं की सुधारायचं. 'सगळं ठीक आहे' म्हटलं की बिघडायचं! जणू मशीनमध्ये कोणीतरी बसून ऐकत होतं आणि मुद्दाम उलटं वागत होतं.

"कोनी घुसलं का रे तुह्या क्लाउडमदी?" चाची.

उजैरच्या मनात नेमकं तेच आलं होतं. कोण असेल? कुठे बसला असेल? त्याला आसेगावच्या अंड्यांशी काय वैर? कपाळावर घाम आला. त्या शेडमध्ये तेवढीच एक गोष्ट गरम होती.

भित्रा माणूस घाबरला की नजर आणखी ताणतो. मिनिटाला एकदा तपासणी होत होती, ती उजैरने दहा सेकंदांना एकदा केली. अर्धा अंश खाली गेल्यावर फोन जायचा, तो एक दशांशावरच जावा असं केलं. परिणाम? फोनांचा पाऊस! धोका आहे. सगळं ठीक आहे. धोका आहे. सगळं ठीक आहे. स्टॅबिलायझर टकटक करू लागला, हिवतापाने दात वाजावेत तसा. चाचीचा मोबाईल वाजून वाजून टेबलावरून खाली पडला आणि जमिनीवर बोलत राहिला.

तितक्यात दार ढकलून सेवालाल आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा राखेसारखा.

"बिस्मिल्लाबी, माह्या वावरात काहीतरी हाय!"

"काय हाय भाऊ?"

"मोटार! काल संध्याकाळी एकदा आपल्या आपनच चालू झाली, मी जाऊन बंद केली. आज तं आपल्या आपनच चालू होते, आपल्या आपनच बंद होते. आसपास चिटपाखरू न्हाई! मी हिरीपाशी उभा राहून शिव्या देल्या, तं बंद झाली. मले वाटलं भेली. पाठ फिरवली, तं पुन्हा चालू! फुलावरचा हरभरा बुडून राह्यला माहा!"

चाची हळूच म्हणाली, "तुमच्याकडे बी?"

वर पत्रा कडकडला तरी तिघे एकदम वर बघत. तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली. उजैरने ती दोनदा वाचली.

नऊ अठ्ठावन्न. सेवालाल शेत. फोन उचलला.

त्याने सेवालालच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे.

"काका... तुमचा फोन कुठं हाय?"

"घरी. चार्जिंगले."

"मंग आता कोनं उचलला?"

"काय?"

"मी आत्ता तुमाले फोन लावला. वावरातल्या नंबरवर. कोनीतरी उचलला! सकाळपासून उचलून राह्यलं! पहिल्याच रिंगेले! बोलत न्हाई, नुसतं ऐकते!"

चाची मागे सरकून भिंतीला टेकली. सेवालालने पडद्याकडे बघितलं, नंबर एकदा वाचला, मग बोट लावून पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली आणि तिथे दुसरंच काही चढू लागलं.

"अबे उजैर," तो म्हणाला, "हा माह्या मोटारीचा नंबर हाय."

"मोटारीचा?"

"स्टार्टरमदी सिम हाय ना बे! घरून रिंग मारली की मोटार चालू, पुन्हा मारली की बंद. मी गावाले गेलो की बिस्मिल्लाबीच वाजवते. म्हनून तं नंबर देऊन ठेवला!"

उजैरने चाचीकडे पाहिलं. चाचीने तसबीकडे पाहिलं.

"तू इचारलं का मले, हा कोनाचा नंबर म्हनून?" ती म्हणाली.

सगळं उलगडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. शेड आणि मोटार एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि हीटर बंद व्हायचा. सकाळच्या पहिल्या फोनने मोटार सुरू झाली. पुढच्या धोक्याच्या फोनने ती बंद व्हायची, मग 'सगळं ठीक आहे' हा फोन तिला पुन्हा सुरू करायचा. लॉगमध्ये सकाळपासूनची प्रत्येक रिंग वेळेसकट लिहिलेली होती. सात डब्यांनी सगळं नोंदवलं होतं. वाचलं कोणीच नव्हतं!

उजैरने तो नंबर काढला. सेवालाल धावत जाऊन मोटार हाताने बंद करून आला. दिवे लागले. रेघ वर आली, हिरवी झाली, स्थिर राहिली. कोणाला 'सगळं ठीक' असा शब्द उच्चारायची हिंमत झाली नाही.

"आता उघडू?" चाचीने विचारलं.

"नको! पंधरा मिनिटं बघू. आकडे काय म्हनतात..."

"आकडे घाल चुलीत! एवढा वेळ गारठून राह्यले माहे लेकरं!" चाचीने त्याला खांद्याने बाजूला सारलं. दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि तिथेच थांबली. सेवालालने डोळे मिटून घेतले. त्याला आता हरभरा आठवत नव्हता, लाल चिंधी आठवत होती.

तिने दार उघडलं.

आत इतका गोंगाट होता, की मोबाईल वाजला असता तरी ऐकू आला नसता. ओली, वाकडी, धडपडणारी पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन उभी होती. लाल चिंधीच्या ट्रेमध्ये एक तर वाळून कापसासारखं फुललं होतं, आणि ट्रेच्या काठावरून या तिघांकडे बघत होतं.

"उजैर," सेवालाल हळू आवाजात म्हणाला, "हे कवाचं निंघालं असंन बे?"

उजैर लॉग बघायला वळला. लॉगमध्ये तापमान होतं, व्होल्टेज होतं, दार होतं, एकोणतीस फोन होते.

पिल्लाची नोंद नव्हती. चाचीने आवाज ऐकून दार उघडलं ते नऊ वाजून चार मिनिटांनी; पहिलं पिल्लू तेव्हाच निघालेलं होतं. त्याचा फोन कोणालाच गेला नव्हता.