राजपुऱ्यातील वाकड्या बँक शॉटचे प्रकरण

बुरहानपुरात पाहण्यासारख्या गोष्टी तीन: किल्ला, मावा जिलेबी आणि मी. त्यातला किल्ला पडझडीला आलेला, जिलेबी चांगली तेवढी लवकर संपते. म्हणून उशिरा येणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला बहुधा मीच येतो.

माझं नाव नंदकुमार. हयात नेपानगरच्या कागद कारखान्यात गेली. तिथे कागदाचा नुसता वास घेऊन मी सांगत असे, की हा बांबू ज्याने तोडला त्याचं त्या सकाळी बायकोशी वाजलं होतं. माझं म्हणणं कधीही खोटं ठरलं नाही, कारण त्या माणसाला शोधायला कोणी गेलंच नाही. अशी बुद्धी निवृत्तीनंतर नुसती बसवून ठेवणं हा समाजावर अन्याय झाला असता. म्हणून मी शहरातल्या राजपुरा मोहल्ल्यात खासगी तपासाची कचेरी काढली. कचेरी म्हणजे माझा मित्र भिकन याची ऑटो. ती चालू असेल तर कचेरी फिरती, बंद पडली तर कायम पत्त्याची. भिकन माझा सहायक. मी निष्कर्ष काढला की थक्क व्हायचं, एवढंच त्याचं काम. तेवढंही तो मन लावून करत नाही.

वैशाखातल्या एका संध्याकाळी कचेरी चहाच्या टपरीपाशी बंद पडलेली असताना चारुलता आली. जवळच्या निंबोला गावच्या शेतकऱ्याची मुलगी. घरची केळी, थोडा कापूस. दिवसभर बापाच्या बरोबरीने बागेत राबायचं आणि चार वाजले की स्कूटीवर बसून राजपुऱ्यात ललित नावाच्या पोराच्या हॉलमध्ये पूल, म्हणजे स्टिकने बॉल पाडायचा टेबलावरचा खेळ, खेळायला यायचं, असा तिचा नेम. ती आली की हॉलमधली पोरं आपापल्या स्टिका भिंतीला टेकवून मुकाट बघत उभी राहत, इतका तिचा हात साफ.

त्या दिवशी मात्र तोंड उतरलेलं होतं.

"नंदूकाका, माझा हात गेला," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात बघितले. जागेवर होते. तसं सांगितलं.

"तसा नाही हो. सरळ शॉट बराबर पडून राहिले. पण बँक मारली की बॉल कुठेच्या कुठे जाऊन राहिला. किक तर विचारूच नका. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पंधरवडा झाला, रोज प्रॅक्टिस करून राहिली, पण काही जमून नाही राहिलं."

ज्यांना पूल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बँक शॉट म्हणजे रंगीत बॉल सरळ पॉकेटमध्ये न घालता आधी टेबलाच्या कडेच्या रबरी गादीवर आपटायचा आणि परतताना पाडायचा. किकमध्ये पांढरा बॉलच आधी गादीला जाऊन येतो आणि मग समोरच्याला गाठतो. थोडक्यात, पहिल्यात बायकोला माहेरी पाठवून वेळेवर परत आणायचं, आणि दुसऱ्यात आपणच सासुरवाडीवरून वळसा घालून बाजारात पोचायचं. दोन्ही कामं अवघड, हे विवाहितांना पटेल.

आता यात रडण्यासारखं काय, असं भिकनने विचारलं. तेव्हा खरी गोष्ट कळली. ललितचे वडील लीलाधर केळीचे मोठे व्यापारी. हॉल म्हणजे त्यांचंच जुनं गोदाम. शेजारच्या खोलीत केळी पिकवतात. धंदा वाढला म्हणून आता हीही खोली त्यांना केळीसाठी हवी होती. टेबल भंगारात काढायचं ठरलंच होतं. ललितने हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं, की रविवारी चारुलताने नेपानगरचा नामी खेळाडू संतोष याला हरवलं तर टेबल राहील. हरली तर सोमवारी तिथे केळीचे घड लागतील. आणि चारुलताला खेळायला पंचक्रोशीत दुसरं टेबल नव्हतं. नेपानगरला एक होतं, पण रोज तिकडे जाऊ देण्याइतका तिचा बाप शहाणाही नव्हता आणि वेडाही नव्हता.

"केस घेतली," मी म्हणालो. भिकनने थक्क व्हायचं सोडून ऑटोला किक मारली. ती किकही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घटनास्थळी पोचलो. ललितचं घर वर, हॉल खाली, आणि हॉलच्या कोपऱ्यातूनच गच्चीवर जिना. आम्ही टेकतो न टेकतो तोच ललितची आई मथुराबाई शेवयांच्या खिरीच्या वाट्या घेऊन खाली आली. वैशाखात तिच्या उंबऱ्यातून खीर न खाता कोणी सुटल्याचं ऐकिवात नाही. सारी गल्ली तिच्या गच्चीवर शेवया करायला जमते.

"घ्या भाऊजी. डोकं चालवायचं तर पोट पाहिजे," ती म्हणाली. या बाईला माणसाची पारख आहे.

खीर खाताखाता माझा पहिला सिद्धान्त तयार झाला: टेबल एका अंगाला कललं आहे. खात्री करायला मी भरली वाटी टेबलाच्या हिरव्या कापडावर मधोमध ठेवली आणि डोळा तिच्या काठाला लावला. ललितच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी फक्त कारखान्याच्या भोंग्यातून ऐकला होता. वाटी उचलली. खीर सगळीकडून सारखी होती. टेबल निर्दोष सुटलं.

ललित म्हणाला, "काका, मला वाटते एकदा स्टिक..."

मी हात वर करून त्याला थांबवलं. स्टिक चारुलताची स्वतःची होती. पहिल्या बक्षिसाच्या दिवशी घेतलेली, मुठीला लाल दोरा बांधलेली; स्कूटीवर नेता येत नाही म्हणून रात्रंदिवस हॉलच्या खुंटीवर असायची. फिर्यादीच्या वस्तूवर संशय घेणं तपासशास्त्रात बसत नाही. चारुलतालाही ते बोलणं लागलं. घरच्या बैलाला कोणी चोर म्हणावं तसा तिचा चेहरा झाला. विषय तिथेच मिटला, आणि तो मीच मिटवला याची इतिहासात नोंद असावी.

दुसरा सिद्धान्त मला शेजारच्या खोलीच्या वासावरून सुचला. भिंतीपलीकडे केळी पिकतात. पिकवायची हवा फटीतून इकडे येते. जी हवा हिरव्या केळ्याला दोन दिवसांत मऊ करते, ती बिचाऱ्या रबराला सोडेल? गाद्या पिकल्या होत्या. म्हणूनच बॉल आपटला की भलतीकडे घरंगळत होता. मी सहाही गाद्या अंगठ्याने दाबून बघितल्या, देठापासून टोकापर्यंत, आपण बाजारात केळं दाबतो तशा. तेवढ्यात लीलाधरशेठ दारात येऊन उभे राहिले. जन्म केळी दाबण्यात गेलेला माणूस. त्यांनीही एक गादी दाबली, थोडा विचार केला.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "आणि रविवारपर्यंत पिकत नाही. खोली मात्र मला सोमवारी लागते." आणि निघून गेले.

चारुलता त्या वेळी टेबलापाशी किकची प्रॅक्टिस करत होती. पांढरा गादीला लागून परत यायचा आणि काळ्याच्या शेजारून असा निघून जायचा, जशी काही जुनी ओळखच नाही. ती बॉल परत लावायची, पुन्हा मारायची. सरळ शॉट एकही चुकत नव्हता. बघून माझ्यासारख्या कठोर माणसालाही दुसरी वाटी मागवावी लागली.

आणि त्याच क्षणी मला धागा सापडला. शब्दशः धागा. स्टिका टांगायच्या खुंट्यांखाली, फरशीवर, पांढरट, केसाहून थोडे जाड, वाळून कडकडीत झालेले तुकडे पडले होते. मी एक उचलून उजेडात धरला. वास घेतला. चाळीस वर्षांची नोकरी नाकात जागी झाली.

"भिकन," मी हळूच म्हणालो, "हा कागदाच्या लगद्याचा धागा आहे. नेपानगरचा. संतोष इथे येऊन गेला."

भिकनने एक तुकडा तोंडात टाकला. "नंदू भो, हे गव्हाचं लागून राहिलं."

पुरावा चावणारा सहायक जगात दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल. मी त्याला फटकारलं, उरलेले तुकडे रुमालात बांधले आणि शनिवारी आम्ही नेपानगर गाठलं. ओळखू येऊ नये म्हणून मी भिकनचा खाकी शर्ट, काळा चष्मा आणि गळ्याभोवती गमछा असा वेश केला होता. वसाहतीच्या फाटकातच पानवाला म्हणाला, "या नंदूकाका, डोळे आले का?" पुढच्या वळणावर तिघांनी तब्येत विचारली. संतोषच्या घरी पोचेपर्यंत त्याच्या आईने चहा टाकला होता, कारण आम्ही येतोय ही बातमी आमच्या ऑटोपेक्षा वेगाने गेली होती.

संतोष उंच, सभ्य, जरा घाबरट मुलगा निघाला. मी रुमाल उघडून त्याच्यासमोर धरला आणि करड्या आवाजात विचारलं, की हे ओळखतोस का. त्याने निरखून बघितलं. त्याची आईही वाकली.

"अगो बाई, शेवया," ती म्हणाली. "पण मोडल्यात सगळ्या. खिरीला चालतील."

मी तिला नम्रपणे सांगितलं, की नजर फसू शकते, नाक फसत नाही. संतोष राजपुऱ्यात कधी आलाच नव्हता. उलट चारुलताच्या बँक शॉटच्या धास्तीने त्याला आठवडाभर झोप नव्हती. परतताना भिकन पुढे बघून ऑटो चालवत होता. त्याच्या पाठीवरून मला कळलं, की तो हसतो आहे.

रविवार उजाडला. हॉल भरला होता. अर्धे निंबोल्याचे, अर्धे राजपुऱ्याचे, आणि दोन माणसं लीलाधरशेठनी मोजमापाची फीत देऊन आधीच आणून ठेवलेली. ती निर्विकारपणे टेबलाभोवती खोली मोजत होती. चारुलताचा बाप मागे भिंतीला टेकून उभा होता. पोरीचा खेळ तो पहिल्यांदाच बघणार होता. चारुलताने खुंटीवरची लाल दोऱ्याची स्टिक काढली आणि टोकाला निळा खडू घासू लागली.

त्याच वेळी मथुराबाई पाहुण्यांसाठी खिरीचं पातेलं घेऊन गच्चीवरून उतरत होती. तिने चारुलताच्या हातात बघितलं आणि पायरीवरच थांबली.

"माय, ती नको घेऊ," ती म्हणाली. "ती वाकली. शेवया एका अंगाला सरकून राहिल्या होत्या, म्हणून तर मी परत टांगली."

चारुलताने स्टिक तिच्यापुढे धरली.

मथुराबाईने पातेलं खाली ठेवलं, स्टिक हातात घेतली, टेबलावर आडवी ठेवली आणि तळव्याने लाटणं फिरवावं तशी पुढे ढकलली. स्टिक घरंगळेना. तालुक्याच्या रस्त्यावरच्या ऑटोसारखी ठकठक उड्या मारत गेली. जवळचा आंधळाही सांगू शकला असता, की ही मधोमध वाकली आहे.

मग एकेक उलगडलं. या साली गल्लीतल्या बायकांनी शेवया जास्त केल्या आणि वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या पुरेनात. हॉल चारला उघडतो. तोवर इतक्या गुळगुळीत, सरळ, लांब काठ्या खुंटीवर नुसत्या लोंबत असतात, हे कुठल्या गृहिणीला बघवेल? तिने सगळ्यात बारीक आणि देखणी निवडली, नेमकी चारुलताची. तिच्यावर ओल्या शेवया, वर वैशाखाचं ऊन. चारच्या आत पदराने पुसून परत जागेवर. दोनचार दिवस असं चाललं, मग ती वाकल्यावर तिला शेवयांसाठी बाद ठरवलं. खेळासाठी कोणी ठरवलं नाही. वाकड्या स्टिकने बॉल जरा अंगाला लागतो आणि नकळत भोवरा खातो. सरळ जाताना खपून जातं, गादीला लागला की सगळं बाहेर येतं. हे ललितने सांगितलं. तो गेले चार दिवस हेच सांगायचा प्रयत्न करत होता, अशी त्याने जोड दिली.

चारुलता रडतही होती आणि हसतही होती. "म्हणजे माझा हात नाही गेला, काकू?"

"हात कुठे जातो, वेडे. काठी गेली." मथुराबाई जिन्याकडे वळली. "थांब, चांगली देते."

ती गच्चीवर गेली आणि दुसरी स्टिक घेऊन आली. ही जाडजूड, जुनी; ललित आठवडाभर ती हरवली म्हणून शोधत होता. तिच्यावरच्या शेवया तिने एका झटक्यात परातीत काढल्या, पदराने पुसली. "ही वाकत नाही. हिच्यावर सरळ वाळतात."

सामना चार-चार डावांवर आला. शेवटच्या डावात जिंकायला फक्त काळा बॉल पाडायचा उरला, तो कोपऱ्यातल्या पॉकेटपाशी होता, पण पांढऱ्याच्या आणि त्याच्यामध्ये संतोषचा बॉल आडवा. सरळ रस्ता बंद. किकच हवी होती, पंधरवडाभर चुकलेली तीच. चारुलता वाकली, गादीवर एक जागा नजरेने धरली. फीतवाली माणसंसुद्धा थांबली. पांढरा गेला, गादीला टेकला, शहाण्या जावयासारखा वळून आला आणि काळ्याला हळूच म्हणाला, चल. काळा पडला. पाठोपाठ स्टिकवरून एक शेवई कापडावर पडली.

आरडाओरडा शमल्यावर लीलाधरशेठनी फीत गुंडाळायला सांगितलं. केळी दुसरीकडे पिकतील, म्हणाले, तशी ती कुठेही पिकतात. चारुलताचा बाप पुढे आला, पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्कूटीवर स्टिक बांधायला दोरी कुठे मिळेल असं त्याने ललितला विचारलं. संतोषला हरल्याचं दुःख दिसलं नाही. त्याला आईसाठी शेवयांचा डबा मिळाला होता. मथुराबाईने एवढंच बजावलं, की पुढच्या वैशाखात जाडी स्टिक दुपारी तिला लागेल.

गर्दी पांगल्यावर मी भिकनला म्हणालो, की अखेर आपण केस सोडवली.

"भो," भिकन म्हणाला, "आपण चार दिवस इथे बसून पुरावा खाल्ला."

"त्याला पुरावा सुरक्षित ठेवणं म्हणतात," मी म्हणालो, आणि वाटी पुढे केली.