म्हातारीच्या बेटाचं नाव

बेटाच्या धक्क्यावर होडी लागली की गोमातात्या आधी पायातलं झटकायला लावतात. "म्हातारीला वाळू आनलेली चालत नाय," एवढंच कारण देतात. घिवलीच्या पुढचं हे बेट. तिथे वाळूखेरीज फारसं काही नाही, आणि धक्क्यावर म्हातारीही नसते. तरी तालुक्याचे साहेब एका पायावर उभे राहून बूट आपटताना मी पाहिले आहेत.

बेटाचं नाव म्हातारीचं बेट. ते कसं पडलं याचा फलक लावायचा ठरला आणि मजकूर माझ्याकडे आला, कारण मी बोईसरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. सरपंचांचं मत आधीच ठरलं होतं: देवी म्हातारीच्या रूपात प्रकटली. देवी असली की देऊळ होतं, आणि देऊळ झालं की रस्ता होतो.

विरोध एकट्या तात्यांचा. जन्मभर होडीवर तांडेल म्हणून हुकूम सोडलेला माणूस, माघार घ्यायची सवय नाही. नाव पोर्तुगीजांच्याही आधीचं, पण बाई साधी, असं ते म्हणत. मासळी सुकवायची आणि मीठ जास्त टाकायची.

दर भेटीत म्हातारीत भर पडत गेली. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येई. चहा ती ताटलीखाली झाकून ठेवी. दर्यावरून आलेल्या माणसाला डिझेलचा वास आला की आधी अंघोळीला पिटाळी. चहाकडे मी दुर्लक्ष केलं होतं. डिझेलवर मात्र बोललो. पोर्तुगीजांच्या आधी डिझेल कुठून आलं?

तात्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, वास तं वासच."

परतताना बोंबील वाळत घालणाऱ्या कमळीबायला मी हे हसत सांगितलं. ती हसली नाही.

"तात्याची बायको जानकी तशीच होती," ती म्हणाली. "गेल्या साली गेली." आणि पुढचा बोंबील दोरीवर अडकवला.

ग्रामसभेत सरपंचांनी सगळ्यांसमोर विचारलं, तात्यांच्या म्हातारीला पुरावा काय? मुलांकडे मी जन्मभर पुरावाच मागत आलो. म्हणालो, देवीला आहे तेवढाच. लोक हसले. सरपंच चिडून तात्यांकडे वळले: देवी झाली तर म्हातारीचा मानच वाढेल, तुमचं त्यात काय जातं?

तात्या उठून उभे राहिले.

"देवीकडं समदे मागाय येतात," ते म्हणाले. "जेवलीस का, ते कोन इचारनार?"

विषय पुढच्या सभेवर ढकलावा असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा मागे बसलेल्या बायांनी, नको, आजच लिहा, असं सांगितलं.

फलकावर आता एकच ओळ आहे: 'या बेटावर एक म्हातारी राहत होती, तिच्यावरून हे नाव.' इतिहास म्हणून ओळ कच्ची आहे. मी ती पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. खोडावं असं काही सापडलं नाही.