बैठकीच्या खोलीतलं बॉक्सिंग

सफारीचं बटण पोटावर लागेना, तेव्हा मी बारीक व्हायचं ठरवलं. नवी सफारी शिवणं सोपं, असं आमच्या बायकोचं, जगदेवीचं म्हणणं. पण आळंदला बावीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस सोपी वाट धरत नसतो. लेकीला बघायला मादन हिप्परग्याचे पाहुणे यायला पंधरा दिवस होते. मुलगा तुळजाला फोटोत आवडलेला. अशा वेळी मुलीचा बाप कसा ताठ दिसायला पाहिजे.

फिरायला जाणं जमणार नव्हतं. (रस्त्यात ओळखीचे भेटतात, ते चहा पाजतात, चहाबरोबर भजी येतात.) म्हणून तुळजानं नोकरीवरून सुट्टीला येताना पुण्याहून एक व्हिडिओ गेम आणला. तो टीव्हीला जोडायचा, हातात रिमोटसारखी दांडी धरायची आणि हवेत ठोसे मारायचे. इकडं आपण मारलं की तिकडं टीव्हीतला आपला माणूस मारतो. पहिल्याच दिवशी कळलं, माझ्यात हा गुण जन्मजात होता. कचेरीनं तो दाबून ठेवला होता.

रोज कामावरून आलो की बनियनवर, लुंगी खोचून मी उभा. समोर टीव्हीत निळ्या चड्डीतला पैलवान. आठव्या दिवशी पहिल्यांदा तो मला पाडू शकला नाही (लाईट गेली होती). दमलो की जगदेवी तूप घालून शिरा द्यायची. दहाव्या दिवशी अडतीतल्या काट्यावर उभा राहिलो, तर वजन दीड किलोनं वाढलेलं. स्नायूंचं असणार, असं मी घरी सांगितलं.

पाहुणे रविवारी अकराला यायचे होते. साडेनऊला मी दांडी हातात घेतली. मायलेकींनी स्वयंपाकघरातून आज नको म्हणून बजावलं, पण नेमका त्याच दिवशी मी जिंकायला लागलो होतो. निळ्या चड्डीवाला मागं मागं सरकत होता. मला जोर चढला.

"कामून भ्यायलास? ये की पुढं, दात घशात घालतो."

"मग आमी परत जावं का?" मागून आवाज आला.

मी उगारल्या मुठीनिशी गर्रकन वळलो. दारात मुलाचे वडील भगवानराव चप्पल काढायला वाकले होते. माझी मूठ त्यांच्या नाकापासून चार बोटांवर थांबली. मागं मध्यस्थ हावगेप्पा, ओसरीवर मुलगा. जीप मिळाली म्हणून लवकर पोचले होते. वळायच्या झटक्यात लुंगीची गाठ सुटली, ती मी दुसऱ्या हातानं धरली. नमस्काराला हातच उरला नाही.

"व्यायाम करायलाव," मी म्हणालो.

भगवानराव टीव्हीकडं बघत राहिले. माझी पाठ फिरल्याचं बघून निळ्या चड्डीवाल्यानं डाव साधला होता. तिथं पंच आकडे मोजत होता.

"ते आडवं पडलंय ते कोन?"

"मी."

स्वयंपाकघराच्या दारात तुळजाचा चेहरा उतरलेला दिसला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझा धीर सुटला. पण पोरगी शहाणी. पुढं आली, पाहुण्यांना बसवलं, माझ्या हातातली दांडी काढून घेतली आणि हा खेळ कसा असतो ते सगळं नीट समजावून सांगितलं. भगवानरावांनी सहज म्हणून दांडी मागितली आणि खुर्चीत बसल्या बसल्या दोन ठोशांत निळ्या चड्डीवाल्याला झोपवलं. मग मुलगा हसला, तुळजा हसली, आणि दोघांच्या पुण्याच्या गप्पा निघाल्या. मी आतून सफारी घालून आलो आणि शेवटपर्यंत पोटावर हाताची घडी घालून बसलो.

तिसऱ्या दिवशी हावगेप्पा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती, घरही पसंत होतं. फक्त एक गोष्ट भगवानरावांनी त्याला आडून विचारायला सांगितली होती. मुलीच्या वडिलांना हे असं कधीपासून होतंय?

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर जगदेवीनं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"आमच्या लग्नाआधीपासून हाय," ती म्हणाली. "पर भ्यायचं कारन न्हाई म्हनावं. कुनाला काई करीत न्हाईत."