दाराएवढे पाहुणे

पडदा ओढल्यावर टाळ्या पडायला हव्या होत्या, पण क्षणभर कुणाचाच हात हलला नाही. कारखान्याच्या जेवणघरात भिंतीला टेकवून ठेवलेलं ते तैलचित्र जवळजवळ दाराएवढं होतं, आणि त्यातला इसम सगळ्यांकडे डोळे वटारून बघत होता. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता. चेहऱ्याचा रंग कच्च्या टोमॅटोसारखा होता. तरीही तो कोण हे ओळखायला कुणाला अडचण आली नाही, कारण तसं नाक त्या शहरात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्या नाकाचा मालक समोरच्याच खुर्चीवर बसला होता. त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"आयला!"

पाहुणा मराठी शिकला होता ते मशिनवरच्या माणसांकडून, त्यामुळे अडीअडचणीला त्याला असलेच शब्द आठवत. पण तो शब्द कारखान्याच्या साहेबांच्या सासऱ्यांनी, म्हणजे चित्र काढणाऱ्या आप्पांनी, ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघितलंस?" ते जावयाला म्हणाले. "मनापासून आलं हो त्यांच्या!"

मग मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुणा परदेशातून आला होता चष्म्याच्या काचा घासायची नवीन मशिनं बसवायला. त्याच्या नावात एकामागोमाग इतकी जोडाक्षरं होती, की पहिल्याच दिवशी साहेबांनी हात टेकले आणि "हे आपले पाहुणे" एवढंच सांगून मोकळे झाले. काही महिन्यांचं काम दोन-अडीच वर्षं चाललं, तरी त्याचं पाहुणेपण काही सुटलं नाही. आता मशिनं सुरळीत चालू होती, माणसं तयार झाली होती आणि परवा संध्याकाळी त्याचं विमान होतं.

आप्पा बायको गेल्यानंतर लेकीकडे राहायला आले होते. दिवस जाता जाईना, म्हणून त्यांनी हातात कुंचला धरला. आजवर त्यांनी नुसती फळं आणि बरण्या काढल्या होत्या. फळं हलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. जिवंत माणूस काढायची ही पहिलीच वेळ. त्यासाठी ते कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात येऊन बसायचे आणि पाहुण्याकडे टक लावून बघायचे. पाहुण्याला वाटायचं, म्हातारबाबांना भूक लागली असावी. तो बिचारा रोज अर्धं सँडविच त्यांच्यापुढे करायचा. आप्पाही मुकाट्यानं खायचे, कारण नको म्हणावं तर हा बोलायला लागणार आणि जबड्याची ठेवण बदलणार.

चित्र टॅक्सीत मावेना. टॅक्सीवाल्यानं ते टपावर आडवं टाकलं, तोंड आभाळाकडे करून दोरीनं आवळलं आणि म्हणाला, "तुम्ही बसा आत. हे साहेब वर झोपून येतील." वाटेत प्रत्येक गच्चीवरून माणसं वाकून बघत होती. वरचा इसमही त्यांच्याकडे बघत होता.

घरमालकीण काकू दारातच उभ्या होत्या.

"अगंबाई! हे कोण?"

"मी आहे, काकू."

काकूंनी चष्मा पुसला. एकदा चित्राकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "हो की. आजारी होतात का तेव्हा?"

पाहुण्याच्या मनात आशा पालवली. "काकू, हे तुम्ही ठेवा. माझी आठवण."

"ठेवलं असतं हो, पण उद्या नवीन भाडेकरू खोली बघायला येणार. भिंतीवर एवढं मोठं चित्र बघितलं की त्यांना वाटणार, माणूस इथंच गेला. मग कोण राहायला येतंय?"

विमानात दोन बॅगा न्यायची मुभा होती आणि दोन्ही बॅगा आधीच पोट फुटेस्तोवर भरल्या होत्या. चित्र फेकून द्यावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. म्हाताऱ्याचे भरून आलेले डोळे तो विसरला नव्हता. त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी ते चित्र आपणहून न्यावं आणि आप्पांना त्याचा पत्ता लागू नये.

गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथल्या भिंती ओक्याबोक्या आहेत हे त्याच्या ध्यानात होतं. सकाळी वाचनालय उघडायच्या आत त्यानं चित्र तिथल्या ओसरीवर नेलं, तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि झपाझप घरी परतला. चहाचं पाणी उकळतंय न उकळतंय तोच दारावर थाप पडली. दारात ग्रंथपाल आणि शेजारचा सायकल दुरुस्तीवाला, दोघे घामाघूम.

"अहो पाहुणे, आमच्या ओसरीवर विसरलात की!" ग्रंथपाल धापा टाकत म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं, माझं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सायकलवाल्यानं नुसतं चित्रातल्या नाकाकडे बोट दाखवलं.

पाहुण्यानं दोघांचे मनापासून आभार मानले, त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर आपल्या चित्राशेजारी डोकं धरून बसला. चित्रावर नावगाव लिहिलेलं असतं तर खोडता तरी आलं असतं. इथं तर सबंध तोंडच होतं.

दुपारी त्यानं ते हातगाडीवर घालून जुन्या फर्निचरच्या दुकानात नेलं. हे दुकान कारखान्यापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दुकानदारानं चित्राकडे बघितलंही नाही. चौकटीवर टिचकी मारली.

"लाकूड झकास आहे. मी यात आरसा बसवीन."

"बसवा, बसवा! पैसे नको. नुसतं घ्या."

"आणि आतले गृहस्थ?"

"त्यांचं काय ते... तुम्ही बघा," पाहुणा म्हणाला आणि मागे वळूनही न बघता निघाला. कालपासून पहिल्यांदाच त्याला हलकं हलकं वाटत होतं. बागेच्या कठड्यावर बसून त्यानं आइस्क्रीमसुद्धा खाल्लं.

आरशाची काच यायला वेळ होता, म्हणून दुकानदारानं चित्र दुकानाच्या दर्शनी भागात उभं करून ठेवलं. आणि नेमका कारखान्याचा वॉचमन त्याच रस्त्यानं ड्युटीवर निघाला. त्याचं घर त्याच भागात होतं, हे पाहुण्याला कुठून ठाऊक असणार?

पाहुण्याला बोलावणं आलं ते थेट पोलीस चौकीतून. तो पोहोचला तेव्हा चौकीपुढे ही गर्दी जमलेली. वॉचमनच्या शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता, दुकानदाराचे केस विस्कटले होते, आणि त्या दोघांच्या मध्ये फौजदारांच्या खुर्चीमागे पाहुण्याचं चित्र भिंतीला टेकून उभं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मोठे साहेब तेच.

"हे बघा, आले!" वॉचमन ओरडला. "विचारा त्यांना! परवा आम्ही हौसेनं दिलेलं चित्र आज ह्याच्या दुकानात कसं? आमचे पाहुणे आहेत ते! परक्या गावात माणसाला लुटायचं म्हणजे काय?"

"परवा नाही, काल," पाहुणा पुटपुटला.

"घ्या! तारीखसुद्धा सांगितली!"

"अहो, मी लुटलं नाही!" दुकानदार कळवळून म्हणाला. "ह्यांनीच आणून दिलं. हे... हे नाक मी विसरीन का?"

फौजदारांनी खुर्ची वळवून आधी चित्र न्याहाळलं, मग पाहुण्याला. "कान जुळत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले, "पण माणूस हाच. बोला. चोरीला गेलं होतं, का तुम्ही दिलं होतं?"

पाहुणा तोंड उघडणार इतक्यात गर्दी बाजूला झाली आणि साहेबांचा हात धरून आप्पा आत आले. वॉचमननं आधी कारखान्यात फोन केला होता.

चोरीला गेलं म्हणावं, तर दुकानदार गजाआड जाणार. मी दिलं म्हणावं, तर समोर आप्पा उभे. पाहुण्याच्या कपाळावर घाम फुटला. सगळी चौकी त्याच्या तोंडाकडे बघत होती. आप्पा तेवढे बघत नव्हते. ते सरळ चित्राकडे गेले होते. झटापटीत त्यावर धूळ उडाली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याला किंचित थुंकी लावली आणि शाळेतून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं त्या हिरवट तोंडाचे गाल, हनुवटी पुसायला लागले.

"पॉलिश," पाहुणा म्हणाला.

"काय?"

"पॉलिश. चौकटला... चौकटीला पॉलिश करायला दिलं होतं. विमानात नेणार, तर चांगलं दिसायला पाहिजे."

दुकानदार हुशार माणूस होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"तेच तर सांगत होतो मघापासून! पण हे वॉचमनदादा बोलू देतील तर ना! आले ते थेट गळपट्टीलाच!"

"मग भांडता कशाला?" फौजदार खेकसले. "चला, आणा सामान आणि करा पॉलिश. इथंच. माझ्यासमोर."

दुकानदारानं चौकीच्या व्हरांड्यात बसून, दातओठ खात, फुकटात चौकटीला पॉलिश केलं. वॉचमन शेजारी उभा राहून "तो कोपरा राहिला" असं सांगत होता. पाहुण्यानं त्याचा फाटका खिसा बघितला आणि त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी दोन शिपायांनी चित्र वाजतगाजत नव्हे, पण शिट्ट्या वाजवत रस्ता मोकळा करून घरी पोहोचवलं. आप्पा मात्र जाताना एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं दोन कामं केली. कोपऱ्यावरच्या प्लंबरकडून वीतभर रुंद तोंडाचा, माणसाएवढा उंच प्लास्टिकचा पाइप आणला. आणि पक्कड घेऊन चौकटीमागचे खिळे एकेक करून उपटायला बसला. कापड सुटलं, की गुंडाळी करून पाइपात घालायची आणि पाइप हातात धरून विमानात चढायचं. अडवलं तर भांडायचं. दोन-अडीच वर्षांत त्याचं कुणाशी भांडण झालं नव्हतं, पण शब्द सगळे पाठ होते.

निम्मे खिळे निघाले असतील, तेवढ्यात दारात आप्पा. बगलेत पत्र्याची पेटी.

"फाडताय?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही, आप्पा! नेतोय!"

"नेऊ नका," आप्पा म्हणाले आणि जिना चढून आलेला दम खात खुर्चीवर टेकले. "मी परत न्यायलाच आलोय."

पाहुण्यानं पक्कड खाली ठेवली. "आप्पा, ते पॉलिशचं... खोटं होतं."

"माहीत आहे हो. आरसा बसवायला निघालेला माणूस तो. व्हरांड्यात काचेची मापं बडबडत होता."

"मग तुम्ही रागावलात."

"छे!" आप्पांनी चित्राकडे बघून तोंड वाकडं केलं. "रागावतोय कशाला? उलट बरं वाटलं. घरी सगळे म्हणतात, वा वा, काय जमलंय! लेक म्हणते, जावई म्हणतो. म्हातारा खूश राहावा म्हणून. तुम्ही एकटेच निघालात, ज्यांना ते बघवलं नाही. अहो, तो डावा कान बघा! मलाच झोप येईना. आणि हे असलं तुमच्या देशात गेलं, चार माणसांनी बघितलं, तर काय अब्रू राहील माझी?"

पाहुणा चित्रापुढे आडवा उभा राहिला. "मी देणार नाही."

"म्हणजे?"

"माझं आहे. मला दिलंय. नाही देणार." आणि जोर यावा म्हणून पुढे म्हणाला, "च्यायला!"

आप्पा बघतच राहिले. मग त्यांनी मांडीवरची पेटी उघडली. "बरं, न्या. पण निदान कान तरी नीट करू द्या. बसा तिथं, उजेडाकडे तोंड करून. आणि बोलू नका."

"आप्पा, टॅक्सी येईल."

"बोलू नका म्हटलं ना!"

पाहुणा बसला. आप्पा पहिल्यांदाच त्याच्याकडे अगदी जवळून, हक्कानं बघत होते. कान खाली आला. मग कान खाली आला म्हणून गाल पुढे आणावा लागला, गालामुळे रंग बदलावा लागला आणि रंगामुळे दोन्ही डोळे. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, मग वर येऊन तोही उभा राहिला.

"आता माणसात आले!" काकू म्हणाल्या.

खरंच, चित्रातून आता एक बराचसा दमलेला, भला माणूस बघत होता. पाहुण्यानं उरलेले खिळे काढायला पक्कड उचलली.

"हां, हां! हात लावू नका!" आप्पा ओरडले. "रंग ओला आहे. गुंडाळलंत तर कान नाकाला चिकटेल."

"मग?"

"वाळायला पाहिजे. महिना तरी."

टॅक्सीवाल्यानं घड्याळाकडे बघितलं. आप्पा कुंचला पुसत खाली मान घालून म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. समोर ठेवीन. वाळलं की येईलच तुमच्याकडे." मग जरा थांबून, "मला घाई नाही," असंही म्हणाले.

पाहुणा खाली वाकला आणि त्यानं म्हाताऱ्याला मिठी मारली. त्याच्या बाहीला हिरवा रंग लागला.

विमानतळावर बॅगा गेल्या, पण पाइप अडला. तपासणीवरच्या माणसानं तो हातात घेतला, उभा केला, हलवला, कानाशी धरला. मग एका टोकाला डोळा लावून पलीकडे बघितलं. पलीकडे त्याला फक्त दुसरी रांग दिसली.

"यात काहीच नाही."

"नाही," पाहुणा म्हणाला.

"मग एवढा मोठा पाइप नेताय कशाला?"

पाहुण्यानं बाहीवरच्या डागाकडे बघितलं. "ते अजून वाळलं नाही," तो म्हणाला.

तपासणीवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा एकदा, या वेळी जरा आदरानं, पाइपाला डोळा लावला.