पौषात अडकलेले बोलावणे

चौदा विद्या ज्याच्या घरच्या, त्या गजाननापाशीही काय हवे ते नीट सांगून मागावे लागते, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, नाव सांगण्याचे कारण नाही अशा एका राज्यात महाराजांनी कृत्रिम बुद्धीचा मुतालिक चाकरीस ठेविला. हा मुतालिक दिसत नसे, जेवत नसे, रजा मागत नसे, आणि सर्व शास्त्रे त्यास मुखोद्गत. परंतु स्वतःचे हात नव्हते. खात्यांनी जी साधने दिली त्यांतले एक उचलावे आणि काम करावे, आणि कोणते उचलावे हे साधनावरचे वर्णन वाचून ठरवावे. मग हुकूम सुटला की ज्याचे साधन त्याने वर्णन लिहावे.

आता या दरबारची रीत ऐशी की कागदावर 'नाही' हा शब्द लिहू नये. थोरल्या महाराजांनी एकदा माघात हापूस मागितला, कोठीवाला 'नाही' म्हणाला, आणि त्याची कोठी गेली. तेव्हापासून अवघा दरबार 'येतोच आहे' म्हणू लागला. तेव्हा वर्णने जाहली ती बिरुदावल्या जाहल्या. मंगलपत्रिका नावाच्या साधनावर विसाजीपंत चिटणिसांनी स्वहस्ते लिहिले, "हे परम आदराचे साधन. आप्तेष्टांस बोलाविते. सर्व प्रसंगी उत्तम." मुहूर्तावाचून हे पत्र सोडीत नाही, ही गोष्ट लिहिली नाही, कारण तीत 'नाही' येत होते. दुसरे साधन शीघ्रदूत, ते क्षणात निरोप पोचवी, परंतु ते लष्कराकडे होते, आणि लष्कराने लिहिले, "वायुवेगी, महाप्रतापी, शत्रूच्या काळजाचा थरकाप." निरोपाचा शब्द नाही.

पौष लागला आणि महाराज आजारी पडले. एकुलती कन्या मथुराबाई सासरी, दोन प्रहरांच्या वाटेवर. महाराज मुतालिकास बोलिले, "आमच्या मथुरेस बोलवा." मुतालिकाने वर्णने वाचिली, मंगलपत्रिका उचलली, आणि साधनाकडून जाब आला, "स्वीकारले." महाराज रोज पुसत, "आली का?" आणि दरबार रोज म्हणे, "येतच आहेत, सरकार." स्वार पाठवावा असे एकास सुचले, परंतु स्वार पाठविणे म्हणजे मुतालिकावर अविश्वास, आणि अविश्वासाचा धनी कोण होणार, म्हणून घोडा पागेतच राहिला. पौष अमावास्येस महाराज कैलासवासी जाहले. दुसरे दिवशी माघ लागला, मुहूर्त निघाला, आणि पत्रिका सुटली.

मथुराबाईंस ती सकाळी पोचली, हळदकुंकवाचे बोट लाविलेली. "सहकुटुंब येऊन समारंभास शोभा आणावी." बाबांनी काय काढले आहे, म्हणून त्या हसल्या, आणि हिरवी पैठणी नेसून निघाल्या. वेशीवर नगारा वाजेना. द्वारपालाने पैठणीकडे पाहिले आणि मान खाली घातली, आणि मग बाईंस सर्व कळले. लोकांसमोर त्या रडल्या नाहीत. आत गेल्या, साडी बदलली, आणि मुतालिकास पुढे बोलाविले.

विसाजीपंत म्हणाले, "आक्कासाहेब, चूक याचीच. यास हत्तीच्या पायी द्यावे."

"कोणता भाग देणार, पंत? यास डोके कोठे आहे?"

"मग हद्दपार करावे."

"हा राहतो कोठे, ते आधी सांगा." आणि बाई मुतालिकाकडे वळल्या. "तुम्ही ऐसे का केले?"

मुतालिक बोलिला, "बाईसाहेब, एका साधनावर आप्तांस बोलाविते ऐसे लिहिले होते. दुसऱ्यावर शत्रूचे काळीज होते. महाराजांनी लेकीस बोलाविले होते, तिचा थरकाप उडवावा ऐसे म्हटले नव्हते."

"आणि मुहूर्ताची अट लिहिली असती तर?"

"तर मी पत्रिका उचलली नसती. दुसरे काही आहे का, ऐसे पुसले असते."

 बाईंनी आदेश दिला की सर्व वर्णने पुन्हा लिहावी: साधन काय करते, त्यास काय द्यावे लागते, आणि कोणत्या कामी उचलू नये. पंत कळवळून म्हणाले, "आक्कासाहेब, 'नाही' लिहिले तर खाते लहान दिसेल."

"दिसू दे. आहे तेवढे दिसू दे."

मग बाई स्वतः बसल्या आणि मंगलपत्रिकेचे वर्णन लिहविले: "लग्नमुंजीचे बोलावणे करिते. मुहूर्त येईपर्यंत पत्र अडवून धरिते. पौषात चालत नाही. दुखणेकऱ्याचे बोलावणे यातून पाठवू नये, शीघ्रदूत घ्यावा." हे शेवटचे वाक्य सांगून जाहले, तेव्हा कारकुनाने उगाच टाक दौतीत बुडवून वेळ काढिला. शीघ्रदूतावर लिहिले, "जिवंत माणसास तत्काळ निरोप देते." बिरुदे सर्व गळाली, आणि लष्कर काही दिवस रुसून राहिले.

दहा-बारा वर्णने जाहली, तेव्हा पंतांस वाटले, बाईंची मर्जी सांभाळावी. भरल्या दरबारी ते मुतालिकास म्हणाले, "आक्कासाहेबांनी वर्णने सिद्ध केली, हे वर्तमान कैलासवासी सरकारांच्या चरणी रुजू करावे." पूर्वीचे दिवस असते तर "रुजू" ऐसा जाब येता आणि सर्व माना डोलावते. मुतालिकाने वर्णने वाचिली, आणि बोलिला, "माझ्यापाशी तेथवर पोचणारे साधन नाही."

दरबारात 'नाही' ऐकू आले. मानकऱ्यांनी नजरा गालिच्यात घातल्या, आणि सर्व बाईंकडे पाहू लागले. मथुराबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. नाही." आणि पदराने डोळे पुसले, दरबारासमोर, प्रथमच. मग कारकुनास म्हणाल्या, "पुढचे साधन आणा."

येणेप्रमाणे त्या राज्यात वर्णने जाहली. साधने होती तेवढीच राहिली, कामे मात्र होऊ लागली. जे जाहले ते लिहिले. जे जाहले नाही, ते जाहले नाही ऐसे लिहिले.