सहा इंची खिळा

वीज कचेरीच्या तक्रार-खिडकीवर बसणाऱ्या आपल्या कारकुनाने एका रविवारी दुपारी आयुष्यातला एकमेव धाडसी निर्णय घेतला. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा!

कारण होतं घड्याळ. बायकोला शाळेत पंचवीस वर्षं शिकवल्याबद्दल मिळालेलं, चांगलं भारदस्त, लंबकाचं. गेले अकरा महिने ते ट्रंकेवर आडवं पडून पावणेचार दाखवत होतं. (एका पाहुण्याने तर त्यावर चहाचा कप ठेवला होता.)

"अहो, टांगल्याशिवाय ते चालत नाही," बायको म्हणाली.

"आणि टांगलं तर आपल्याला चालावं लागेल! करारातली बारावी अट विसरलीस? भिंतीत खिळा ठोकल्यास घर रिकामे करावे."

भीती खोटी नव्हती. शहरात घर मिळणं म्हणजे चमत्कारच. शेजारच्या खिडकीवरचा सहकारी सहा वर्षं लग्न ठरवून बसला होता, केवळ खोली मिळत नाही म्हणून. होणाऱ्या बायकोला तो बसस्टॉपवर भेटायचा, आणि आता तो बसस्टॉपही हलवणार होते. त्यात आपल्या कारकुनाचा करार महिन्याभरात संपत होता. पण भिंतीपलीकडे राहणाऱ्या मालकीणबाई त्या दुपारी बहिणीकडे गेल्या होत्या, आणि बायकोने अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तोंड फिरवून डोळे पुसले होते. मग काय, स्वारी हातोडी घेऊन स्टुलावर चढली.

"जड घड्याळ? मग सहा इंची न्या," असं दुकानदार म्हणाला होता. भिंत चार इंची होती. हे गणित बायकोच्या वर्गातल्या कोणालाही जमलं असतं, पण रविवारी शाळा बंद असते.

सोमवारी सकाळी दारावर थाप पडली. "जरा इकडे या," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीच्या अगदी मधोमध, दीड इंच लांब खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. खाली थोडासा चुना सांडला होता. कारकुनाने डोळे मिटून घेतले. डोळ्यांपुढे बसस्टॉप आला.

"बघितलंत?" मालकीणबाई कुजबुजल्या. "हे घर आमच्या यांनी बांधलं. नावाजलेले कंत्राटदार! अख्ख्या शहराला भिंती दिल्या, पण स्वतःच्या घरात एक खिळा ठोकतील तर शपथ. तीस वर्षं मी सांगत होते आणि तीस वर्षं हे 'ठोकतो, ठोकतो' म्हणत होते. गेले तेव्हाही तेच म्हणाले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "शेवटी शब्द पाळला हो त्यांनी!"

कारकून खिळ्याकडे बघतच राहिला. काय गंमत सांगावी, क्षणभर त्यालाही वाटलं की आपण फक्त हातोडी धरली होती. "अद्भुत आहे," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

मालकीणबाईंनी त्या टोकावर यजमानांचा फोटो टांगला. रोज सकाळी त्या फोटो पुसत, की इकडे घड्याळ तिरकं होऊन बंद पडे. कारकून ते सरळ करी, की तिकडे यजमान मान कलती करत. दर तासाला घड्याळ ठण ठण टोले देई आणि फोटो थरथरे. शेजारणी मुद्दाम बघायला येत आणि हळू आवाजात बोलत. आणि भिंतीच्या या बाजूला कारकून शरमेने अर्धा होई. त्या माउलीला आपण फसवतो आहोत, हे त्याला सहन होईना.

कराराच्या दिवशी तो बायकोला घेऊन पलीकडे गेला आणि उभ्या उभ्याच बोलून मोकळा झाला. "काकू, तो खिळा माझा आहे. आम्ही घर सोडतो."

"माहीत आहे," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे... कधीपासून?"

"पहिले तीन दिवस मला खरंच वाटलं, हेच आले. पण फोटो थरथरायचा तो अगदी तासाच्या ठोक्याला. यांनी आयुष्यात कधी वेळ पाळली नव्हती हो!" त्या हसल्या आणि त्यांनी फोटोवरून पदर फिरवला. "ते तीन दिवस मात्र फार छान गेले. त्यासाठी तुम्हाला घराबाहेर काढू? बसा. आणि तुम्ही गेलात, तर खिळा पलीकडून धरायला कोण?"

त्यांनी नवा करार पुढे केला. बारावी अट बदलली होती: 'खिळ्याचे डोके भाडेकरूचे व टोक मालकाचे राहील. एकमेकांना विचारल्याशिवाय कोणीही तो उपटू नये.'

कारकुनाला हुंदका आवरेना. कचेरीतली इतक्या वर्षांची कागदपत्रं त्याने पाहिली होती, पण इतका न्यायाचा कागद पाहिला नव्हता. एका खिळ्याने आपल्याला हक्काचं घर मिळवून दिलं, म्हणजे आपल्या हातात काहीतरी आहे खास, असं वाटून त्याची छाती फुगली. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला आणखी कुठे खिळा हवा असेल तर निःसंकोच सांगा."

"खाली तेरावी अट आहे, ती वाचा," मालकीणबाई म्हणाल्या.

'यापुढे कोणत्याही बाजूस खिळा हवा असल्यास सुतार बोलवावा.'

बायकोने साक्षीदार म्हणून सही केली, आणि तेराव्या अटीखाली दोनदा रेघ ओढली.