यंत्र खोटं बोलत नाही

खांबेटेकाका आमच्याकडे चहाला आले की आधी सोफा तपासतात. कानाला हेडफोन, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी काळी चकती. ती चकती गाद्यांवरून इकडून तिकडे फिरते, काका डोळे मिटून ऐकत असतात आणि आम्ही नवरा-बायको आपल्याच घरात हातात कप घेऊन उभे असतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा सोफ्यातून एक नाणं, दोन हेअरपिना आणि एक लायटर निघाला. लायटर बघून मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी सिगरेट सोडली म्हणून मी स्वतः सगळ्या मजल्यांवर पेढे वाटलेले.

"कुणा पाहुण्याचा असेल," हे म्हणाले.

"यंत्र खोटं बोलत नाही, वहिनी," हेडफोन मानेवर सरकवत काका म्हणाले. "माणसं बोलतात."

आणि फुंकर मारमारून चहा प्यायले. पुढे आमच्याकडे दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, पण ती जबाबदारी काकांची नव्हती. त्यांचं काम फक्त तपासणीचं.

जन्मभर त्यांनी तेच केलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात तयार मालाचा नमुना तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं. नोकरी संपली, सवय राहिली. भाजीवाल्याची कोथिंबीर हुंगून ते मोठ्याने "नमुना नापास!" म्हणतात आणि मागचं गिऱ्हाईक निघून जातं. माझं थालीपीठ नापास झालंय. सोसायटीतल्या दोन जावयांना त्यांनी लग्नमंडपातच नापास केलंय. लग्न त्यांनी स्वतः केलं नाही आणि ते बरंच झालं. आम्हाला माहीत असलेली एकच वस्तू त्यांच्या तपासणीत पास झालेली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेलं सोन्याचं नाणं. ते मखमलीच्या डबीत, डबी काचेच्या कपाटात आणि येणाऱ्या प्रत्येकाला कपाटासमोर उभं राहणं सक्तीचं.

मग कधीतरी त्यांनी हे जमिनीखालचा धातू शोधणारं यंत्र मागवलं आणि आमच्या बिल्डिंगची शांती गेली. अगदी खरोखरची गेली. झालं असं की गेटजवळच्या तुळशीपाशी यंत्र असं कोकललं की वॉचमन झोपेतून उठला. काकांनी खणलं. आत तांब्याचा कलश, त्यात पाच धातूंचे तुकडे आणि चांदीचा नाग. बिल्डिंग बांधताना वास्तुशांतीला पुरलेला.

"अहो काका, हे काय काढून ठेवलंत!" सेक्रेटरी गंजीफ्रॉकवर धावत आलेले.

काकांनी नाग उन्हात धरून निरखला. "नमुना नापास. ही चांदी नाही. बिल्डरने तुम्हाला तेव्हाच फसवलेलं."

त्यानंतर महिन्याभरात लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंप जळला आणि चेअरमनचा मुलगा सीएच्या परीक्षेत नापास झाला. तो आधीही तीनदा झालेला, पण तेव्हा कारण सापडलं नव्हतं. शेवटी गुरुजींना बोलावून कलश पुन्हा पुरला. काकांनी आपल्या पैशाने खरा चांदीचा नाग आणून आत ठेवला, तरी त्यांना कुणी धन्यवाद दिले नाहीत. लिफ्टचा दोषही कुणी त्यांना देऊ नये, कलश पुन्हा पुरल्यावरही ती तिसऱ्या मजल्यावर अडकतेच.

सोसायटीची सहल केळव्याच्या समुद्रावर गेली तेव्हा यंत्र बसमध्ये खिडकीची सीट अडवून बसलं. तिथे चौथ्या मजल्यावरच्या नव्या जावयाची लग्नातली अंगठी वाळूत पडली. जावई रडवेला, सासूबाई कासावीस. काकांनी दहा मिनिटांत अंगठी काढून दिली. टाळ्या वाजल्या. तिथेच थांबले असते तर त्या दिवशी देवमाणूस ठरले असते. पण त्यांनी अंगठी दगडावर घासली, भिंगातून पाहिली आणि भर समुद्रकिनारी जाहीर केलं, "पितळेवर सोन्याचं पाणी! नमुना नापास!"

अंगठी सासऱ्यांनी दिलेली होती. परतीच्या बसमध्ये अंताक्षरी झाली नाही.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचा हात एवढा बसलाय तर दर रविवारी समुद्रावरच का नाही जात? लोकांच्या साखळ्या, अंगठ्या, नाणी पडतात तिथे. आपल्या खाडीच्या चिखलात काय मिळणार?"

"समुद्रात माझं काही गेलेलं नाही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दर रविवारी ते डोंबिवलीच्या खाडीवर, गणपती विसर्जनाच्या घाटावर जात. ओहोटीची वेळ पंचांगातली तिथी बघून काढायची, पायात गमबूट चढवायचे आणि चिखलात उतरायचं. एकदा कुतूहल म्हणून मीही गेले. अर्ध्या तासात पाटाचे गंजके खिळे, एक घुंगरू आणि काही नाणी निघाली. नाणी त्यांनी परत चिखलात दाबली. "कुणीतरी मनात काही धरून टाकलेली असतात," म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण मनातलं त्यांना समजतं असा माझा समज नव्हता.

घाटाच्या पायरीवर हिराबाई मासळी साफ करत बसलेली. खाडीकाठच्या जुन्या गावातली. तिने मान वर न करता विचारलं, "काय काका, गावली का?"

"नाही अजून."

"आवो, ती खारी हाय, तिजोरी नाय. भरती येते नि सगला घेऊन जाते. किती येला सांगू तुमाला?"

"काय शोधताय तुम्ही?" मी विचारलं.

काकांनी यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांच्या आईची सोन्याची दूर्वा होती, तिच्या लग्नात गावच्या सोनाराने घडवलेली. घरच्या दीड दिवसाच्या गणपतीला ती हिरव्या दूर्वांच्या जुडीत खोचायची. विसर्जनाआधी याच घाटावर आरती झाली, मुकुट काढला, कंठी काढली आणि गणपती पाण्यात गेला. घरी येऊन बघतात तर सोन्याची दूर्वा नाही.

"दागिन्यांचं तबक सुनंदाच्या हातात होतं. माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. नवीनच लग्न झालेलं. आई म्हणाली, सुनेच्या हातात होतं. मी म्हटलं, संशय कशाला, तपासून घेऊ. सगळ्यांसमोर तिला पर्स उघडायला लावली."

"मग?"

"रुमाल होता. कुंकवाची डबी होती. आणि कागदात गुंडाळलेला एक मोदक. घाटावर मला भूक लागेल म्हणून घेतलेला. मला."

वसंतराव त्याच दिवशी बायकोला घेऊन कल्याणला गेले आणि पुढच्या वर्षीपासून त्यांनी गणपतीही वेगळा आणला. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तर लोक समजून घेतात. देव वेगळा झाला की मग जाणं-येणं उरत नाही. आई गेली तेव्हा वसंतराव आले, दिवस झाले आणि निघून गेले.

"ती जुडीतच राहिली असणार हो," काका म्हणाले. "निर्माल्यासकट पाण्यात गेली. हे मला आठ दिवसांनी सुचलं. तपासणी खात्यातला माणूस मी!"

"मग जाऊन माफी मागा ना! कल्याण काय लंडनला आहे?"

"माफी मागून माझं मन हलकं होईल, वहिनी. तिच्यावरचा डाग तसाच राहील. वस्तू सापडली तर चारचौघांत दाखवता येईल की ती देवाबरोबर गेलेली. पुरावा पाहिजे."

मला त्यांचा इतका राग आला की चिखलात ढकलून द्यावं. आणि इतकं वाईट वाटलं की परतीच्या रिक्षाचे पैसे मीच दिले. दरवर्षी चतुर्थीला हा माणूस एकवीस मोदकांचं ताट विकत आणायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातले शिळे एकोणीस आमच्या मजल्यावर वाटायचा. आम्ही ते चवीने खायचो आणि त्यांच्या कंजूषपणावर विनोद करायचो.

यंदा श्रावणात घाटाचं सुशोभीकरण झालं. म्हणजे आधी फोटोंचे फ्लेक्स लागले आणि मग चिखलावर काँक्रीट पडलं, आत लोखंडी सळ्यांची जाळी घालून. त्या रविवारी काका तासाभरात परत आले. पाऊल टाकावं तिथे यंत्र बोंबलत होतं. आमच्याकडे चहा प्यायले आणि सोफा न तपासता गेले. हे म्हणाले, "काका आजारी आहेत." ह्यांना लायटर लपवायला नवीन जागा शोधायची चिंता होती, तरीही त्यांच्या लक्षात आलं.

आणि गणपतीला चार दिवस असताना बातमी फुटली. दूर्वा सापडली! काँक्रीट संपतं तिथे, कडेच्या चिखलात. सेक्रेटरींनी ग्रुपवर फुलांचे गुच्छ टाकले. ज्यांनी कलशाच्या वेळी काकांना वाळीत टाकायचं ठरवलेलं, ते दारात फोटोला उभे. काकांनी कुणाला आत घेतलं नाही. फक्त मला म्हणाले, "वसंताला फोन केलाय, यंत्राला दूर्वा सापडली म्हणून. तो येतोय. सुनंदाही. तुम्ही जरा याल का? मला... घरात बाईमाणूस असलेलं बरं."

चतुर्थीला वसंतराव आणि सुनंदाबाई आले. सुनंदाबाई आता पिकल्या केसांच्या, हातात मोदकांचा डबा. काका स्टीलची वाटी घेऊन उभे. वाटीत चिखलाने माखलेली दूर्वा. आम्ही शेजारपाजारचे सातआठजण दाटीवाटीने बसलेलो.

"सुनंदा," काका म्हणाले, "देवाबरोबरच गेलेली. तू घेतली नव्हतीस. हे सगळ्यांनी बघावं. मी तेव्हा चुकलो."

सुनंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. वसंतरावांनी दूर्वा उचलली, भांड्यातल्या पाण्यात बुडवून चिखल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि दूर्वा अगदी डोळ्यांजवळ धरली. मी त्यांच्या शेजारीच होते. देठाच्या मागे बारीक शिक्का होता, हॉलमार्कचा. माझ्या गेल्या दिवाळीच्या बांगडीवर आहे तसाच. त्यांच्या आईच्या लग्नात गावच्या सोनाराकडे हा शिक्का कुठून असणार!

माझी नजर आपोआप काचेच्या कपाटाकडे गेली. मखमलीची डबी उघडी होती आणि आत नाणं नव्हतं.

वसंतरावांनीही तिकडे बघितलं असावं. बराच वेळ त्यांनी दूर्वा बोटांत फिरवली. काका कारखान्यात मालकासमोर उभे राहावं तसे उभे होते, निकालाची वाट बघत. मग वसंतरावांनी चष्मा खाली ओढला.

"तीच आहे," ते म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही, दादा."

सुनंदाबाईंनी दूर्वा हिरव्या जुडीत खोचून गणपतीला वाहिली. मोदकाचं सारण अगोड झालेलं आणि कळ्या फाटलेल्या. काका काही न बोलता सहा खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मीही गेले. घाटावर आरती झाल्यावर सुनंदाबाईंनी मुकुट काढला, कंठी काढली, मग जुडी सोडवून दूर्वा काढली. ती रुमालात गुंडाळून त्यांनी आपल्या पर्समध्ये ठेवली आणि पर्स तशीच उघडी धरून काकांसमोर आल्या.

"दादा, एकदा बघून घ्या."

काका दोन पावलं मागे सरकले. आयुष्यभर दुसऱ्याच्या सोफ्यात, वाळूत, चिखलात बघणाऱ्या त्या माणसाने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"बंद कर गं ती," ते म्हणाले. "बंद कर. आणि तुझ्याकडेच राहू दे."